विक्याचा पुकारा

कळमनुरीत कुणी मेलं, तर लोकायला ते पहिल्यांदा विक्याच्या तोंडून कळायचं. म्हणजे माझ्या रिक्षाच्या भोंग्यातून. "कळविण्यास अत्यंत दुःख होत आहे की..." एवढं कानावर पडलं की बाया पिठाचे हात तसेच घिऊन दारात यायच्या, अन् माणसं खांद्यावर टॉवेल टाकून विचारायची, "माती किती वाजता?" कोण मेलं, हे मागून विचारायची.

मी कोंडीबा. बस स्टँडच्या मागं माझं साऊंडचं दुकान हाय. भोंगे, एक रिक्षा, अन् आतल्या खोलीत भिंतीला गाद्या ठोकून केलेला स्टुडिओ. गाद्या माझ्या लग्नातल्या. माझी बायको शीतल अजून बोलते, "माझ्या माहेरच्या गाद्या अन् तुमी तिथं मयताचे पुकारे करता!" मी म्हणतो, "मग काय झालं, तिथं झोपून तरी कोणतं सुख भेटलं?" मग लाटणं येतं.

विक्या म्हणजे विकास राठोड. वारंगा फाट्याजवळच्या तांड्यावरचा. केस खांद्यापर्यंत, काळी बनियन, अन् हैदराबादहून आणलेली लाल गिटार. त्याची याडी, म्हणजे आई, अनुसयाबाई तांड्यावर लग्नात जी गाणी म्हणायची, त्या गाण्यायला ह्यानं करंटवाली गिटार अन् ड्रम लावले, अन् बँड उभा केला. पहिला कार्यक्रम जवळा बाजारला केला. त्यानं पहिली तार छेडली अन् असा कडकडाट झाला की मी टेस्टर घिऊन स्टेजवर पळालो. मला वाटलं सेट जळाला. विक्या माईकमधीच म्हणला, "कोंड्या, खाली उतर बे. ह्याला रॉक म्हणतात." सगळा बाजार हसला. तवापासून आमची दोस्ती.

गळा तं असा होता की काय सांगू. हैदराबादला जाऊन पिक्चरला आवाज द्यायचा. एका पिक्चरमधी हिरोचा बाप तोच, बापाला मारणारा गुंड बी तोच, अन् बाप मेल्यावर छाती बडवणारी म्हतारी बी तोच. तांड्यावर पडदा लावून आमी तो पिक्चर पाहिला, तं याडी सारखी विचारायची, "ह्यात माझा पोरगा कंचा?" विक्या म्हणायचा, "याडी, जो बोलून राहिला तो." ती म्हणायची, "आरं, सगळेच बोलून राहिले."

तिकडून आला की माझ्या दुकानात बसायचा. कापसाच्या बियाण्याची जाहिरात, साडी सेंटर, इलेक्शन. एका इलेक्शनला तं उभे असलेले सगळेच उमेदवार विक्याच्याच आवाजात एकमेकायला शिव्या देऊन राहिले होते.

अन् खोड्या! एकदा नगरपालिकेच्या सायबाच्या आवाजात पुकारा केला, "नागरिकांना कळविण्यात येते की उद्या नळाला दोन वेळा पाणी येईल." कळमनुरीतल्या बाया हंडे, घागरी, लेकराच्या दप्तरातल्या बाटल्या सुदा मांडून बसल्या. पाणी आलं न्हाई. बाया माझ्या दुकानावर आल्या. मी मागच्या दारानं पळालो, विक्या पुढच्या दारात उभा राहून माझ्याच आवाजात म्हणला, "मी कोंडीबा न्हाई!" एकदा फाट्यावरच्या हॉटेलवाल्या रणजीतला त्याच्या सासूच्या आवाजात फोन करून सांगितलं, "जावईबापू, आमी सोळा जणं जेवाय येऊन राहिलो." रणजीतनं दोन कोंबडे कापले. ते आमीच खाल्ले. तवापासून भोंग्याची रिक्षा दिसली की गाव आधी हसायचं, मग ऐकायचं.

पण एक कायदा आमचा पक्का होता. मयताच्या पुकाऱ्यात मस्करी न्हाई. हे आमी दोघंच जाणत होतो. कुणाला सांगायचं काम पडलं नव्हतं.

मग त्याचा गळा बसला. पहिले म्हणला थंडी हाय, मग म्हणला हैदराबादचं पाणी. नांदेडला दाखवलं तं डॉक्टरनं नळी घालून पाहिलं अन् दिपाला, त्याच्या बायकोला, बाहेर घिऊन सांगितलं. गाठ हाय. आवाजाची पेटी काढावी लागंल. काढली तं माणूस राहील, न्हाई काढली तं माणूस जाईल.

विक्या म्हणला, "न्हाई."

दिपा रडली, याडी पाया पडली, त्यानं ऐकलं न्हाई. मी समजावलं तं म्हणला, "कोंड्या, माझं तोंड कुणाला ठावं हाय बे? पडद्यावर दुसऱ्याचं तोंड, रिक्षावर तुझा भोंगा. आवाज गेला तं मला वळखंल कोण?"

मी मोटरसायकलला किक मारली अन् निघून आलो. 

दोन दिसांनी दिपा दुकानात आली. डोळे कोरडे. म्हणली, "भाऊजी, तुमी दोघं सगळ्या गावाला बनवता. एकदा त्यायला बनवा."

मी विक्याला बोलावून घेतलं. म्हणलं, "एक रेकॉर्डिंग राहिलं."

"कशाचं?"

"तुझ्या मयताचं. तू आप्रेशन करणार न्हाई म्हणजे मरणार. मग पुकारा कोण करल? माझ्या आवाजात केला तं लोकं मातीला यायच्या ऐवजी भंगार घिऊन येतील."

तो हसला. हसणं बी आता पत्रा घासल्यावानी येऊन राहिलं होतं. म्हणला, "बराबर हाय. लाव."

गाद्यायच्या खोलीत उभा राहिला अन् बसलेल्या गळ्यातून निघंल तेवढा आवाज काढून सुरू झाला. पहिले हिरोच्या बापाच्या आवाजात मेला. मग गुंडाच्या आवाजात, "विकास राठोड खतम!" मग पाणी सोडणाऱ्या सायबाच्या, "नागरिकांनी नोंद घ्यावी." मग छाती बडवणारी म्हतारी काढली, तं मी खुर्चीवरून खाली पडलो. खरंच पडलो. कायदा मोडला हे आमच्या दोघायच्या ध्यानात बी आलं न्हाई.

मी डोळे पुसून म्हणलं, "आता तुझ्या आवाजात कर."

तो थांबला. "माझा कंचा?"

मस्करी करत नव्हता. विचारत होता.

मग माईकजवळ सरकला. "कळविण्यास अत्यंत दुःख होत आहे की, येथील प्रसिद्ध गायक व आवाज कलाकार विकास भीमसिंग राठोड यांचे दुःखद निधन झाले. अंत्यविधी आज..." इथं आमी जागा सोडत असतो, टाइम मागून भरायला. त्यानं सवयीनं बराबर तेवढी जागा सोडली. "...वाजता तांड्यावर होईल. त्यांच्या पश्चात आई अनुसयाबाई, पत्नी दिपा, मुलगी पुजा..."

ह्याच्या पुढं "असा परिवार आहे" म्हणायचं असतं. ह्या गावातली किती मयतं त्यानं त्या शब्दावर नेऊन पोचवली असतील. तिथं गाडी बंद पडली. मी मधल्या काचेतून पाहिलं. तोंड उघडं, माईक समोर, अन् काहीच न्हाई. मग खोकला. मग अगदी बारीक आवाजात म्हणला, "बंद कर बे कोंड्या."

तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. ना हिरोचा बाप, ना गुंड, ना स्टेजवरचा. लेकरू अंधाराला भेल्यावर बोलतं तसा.

बाहेर येऊन चप्पल घातली. म्हणला, "दिपाला सांग, तारीख काढ." अन् माझ्या पाठीत बुक्की मारली. "मला बनवतो काय लेका."

दवाखान्यात जायच्या दिवशी विक्यानं पुजाला विचारलं, "कोणाच्या आवाजात गोष्ट ऐकायची?" ती म्हणली, "गोष्ट नको. नुसतं माझं नाव घ्या." तो घेत राहिला, जीप फाट्याला लागेपर्यंत.

आप्रेशन झालं. गळ्याला भोक, त्यावर गमछा. बँड बंद केला न्हाई. याडीच्या गाण्यायवर नुसती गिटार वाजवायचा, अन् खरं सांगतो, जास्तच वाजवायचा. तार तुटंल असं. लोकं नाचायचे, मधीच एखादा इसरून ओरडायचा, "विक्या, गा की बे!" मग त्याचं त्यालाच आठवायचं अन् तो मान खाली घालायचा. विक्या मातर त्याच्याकडं पाहून ओठ हलवायचा, गाणं म्हणल्यावानी.

मयताचे पुकारे मी करू लागलो. एका म्हतारीच्या पुकाऱ्याला खरंच एक बाई जुना पंखा घिऊन बाहेर आली. विक्याला सांगितलं तं तो हसला. तोंडातून न्हाई, गमछ्याखालून, फुस्स करून. आपल्याला पाहवत नव्हतं, पण आपण बी हसायचो.

बरं चाललं म्हणू म्हणू तं दुखणं छातीत उतरलं. गावात सांगायचं न्हाई म्हणून त्यानं हात जोडले. मोबाईलवर लिहून दाखवलं, "सुपाऱ्या तुटतील. बँडवाल्यायला लेकरं हायत." नुसतं अंगात कसर हाय म्हणून सांगत राहिलो. एवढं मातर आमाला जमतं. गावाला बनवणं.

शेवटच्या दिसायत त्यानं लिहिलं, "माझ्या वेळी तेच रेकॉर्डिंग लाव."

मी म्हणलं, "लावतो. शेवटचं 'बंद कर' वालं काटून टाकतो."

त्यानं मोबाईल घेतला, लई वेळ लिहीत बसला. बोटं चालत नव्हती. मग माझ्यापुढं धरला. "काटू नको. बाकी पुकारा हाय. तेवढा मी हाय."

गेला बाजाराच्या दिवशी, सकाळी, चहाच्या वेळंला. दिपानं कप आणला तं तो गेलेला.

मी दुकानात आलो. रेकॉर्डिंग काढलं. सोडलेल्या जागेत माझ्या आवाजात "दुपारी दोन" भरलं. पेनड्राईव्ह संतोषच्या, माझ्या रिक्षावाल्याच्या, हातात देऊन म्हणलं, "कळमनुरी सगळी फिर, बाजारात थांब, मग फाट्यावरून तांड्यावर ये. बंद करू नको." अन् मी मोटरसायकलवर तांडा गाठला.

बारा वाजले. तांड्यावरची माणसं होती, सोयरे होते. कळमनुरीचं कुणी न्हाई. एक वाजला. रस्त्यावर कुत्रं न्हाई. दिपा दारातून एकदा माझ्याकडं पाहून गेली. मी संतोषला फोन लावला.

"फिरून राहिला ना?"

"फिरून राहिलो, मालक. पण..." मागून हसण्याचा गोंधळ येत होता. "लोकं हसून राहिलेत."

तवा माझ्या डोस्क्यात उजेड पडला. विक्याचा आवाज गेलेला, हे सगळ्या गावाला ठावं. अन् आज बाजारात विक्याच्याच आवाजात विक्या मेला. मधीच माझा फाटका "दुपारी दोन." अन् शेवटी, "बंद कर बे कोंड्या." आता तुमीच सांगा, ह्याला मयत कोण म्हणंल?

मी फोनात ओरडलो, "सांग त्यायला, खरं हाय!"

"सांगून राहिलो, मालक. त्यायला अजूनच हसू येऊन राहिलं."

मग फाट्याकडून आवाज आला. हॉर्न, शिट्ट्या, मोटरसायकली. एका मागं एक. टेम्पोत बँडची पोरं, ड्रम बडवत. बाजारातल्या बाया जीपला लटकून. पुढं रणजीत हॉटेलवाला, हातात पेढ्याचा बॉक्स. गाडी पुरती थांबू बी दिली न्हाई.

"कोंडीबा, हरामखोरा! मयताचा पुकारा करता व्हय रे? आमी काय आज वळखतो तुमाला? कुठं हाय तो? आवाज आला म्हणं त्याला! मी म्हणलं, कोंबडे गेले तं गेले, पयला पेढा माझा!"

मी अंगणाच्या तोंडाशी आडवा झालो. पण मी सांगितलेलं कोण खरं धरल?

रणजीत मला बाजूला सारून अंगणात शिरला. हसतच शिरला. मागून सगळे. अन् एकेकाचं हसणं तिथल्या तिथं खाली पडलं, पंगतीत भांडं पडल्यावर सगळे चुप होतात तसं. मागचे अजून शिट्ट्या मारत होते, पुढचे चुप. मग तेही चुप. ड्रम शेवटी थांबला. बॉक्स कुठं ठिवावा हे रणजीतला कळंना. त्यानं तो पोटाशी धरला.

याडी विक्याच्या उशाशी बसलेली. तिनं वर पाहिलं, एवढी माणसं पाहिली. माझ्याकडं वळून म्हणली, "हे हसत काहून आले रे, कोंडीबा?"

"त्याचा आवाज आयकला, याडी. म्हणून."

तिनं मान हलवली. जसं काय बराबरच हाय.

तेवढ्यात संतोषची रिक्षा तांड्यात वळली, भोंगा चालूच. अंगणातून कुणी हललं न्हाई. "...आई अनुसयाबाई, पत्नी दिपा, मुलगी पुजा..." मग ती जागा. मग खोकला. मग, "बंद कर बे कोंड्या."

सगळ्यायनं माझ्याकडं पाहिलं. मी संतोषला हातानं खूण केली. त्यानं बटणाकडं हात नेला.

"राहू द्या, भाऊजी," दिपा म्हणली.

संतोषनं हात मागं घेतला. भोंगा जरा खरखरला, अन् पुन्हा पहिल्यापासून, "कळविण्यास अत्यंत दुःख होत आहे की..."