चार पानांचा निबंध

चंद्रभागा पगारे १९७४ साली पेठच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून रुजू झाली. वडील देवळाली कॅम्पात लष्कराच्या कचेरीत कारकून होते. घरात डॉक्टर झालेली ती पहिलीच. दुसऱ्याच महिन्यात डोंगरातल्या पाड्यावरून कुसाबाई आली. हातापायांची हाडं ठणकत होती, डोळे पिवळट झाले होते. याआधी केंद्रात दरवेळी तिला संधिवाताच्या गोळ्या देऊन परत पाठवत.

"घरात आणखी कुणाला होतं असं?" चंद्रभागेनं विचारलं.

"भावाला व्हतं, बहिणीलाबी. दोघंबी गेली. तू पयलीच इचारणारी."

चंद्रभागेनं तिच्या बोटातलं रक्त काचेवर घेतलं, त्यावर रसायनाचा थेंब टाकला आणि वरच्या पातळ काचेच्या कडा व्हॅसलीननं बंद केल्या. तासाभरानं सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, तर गोल असायला हव्यात त्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकल्या होत्या. रक्ताचा हा आनुवंशिक आजार पुस्तकात होता. केंद्राच्या नोंदवहीत मात्र त्याचं नावही नव्हतं. आता नेमका उपचार करता आला, आणि कुसाबाई आठ दिवसांत चालत घरी गेली.

असे आणखी किती असतील, हा प्रश्न चंद्रभागेला सोडेना. केंद्राची प्रयोगशाळा सांभाळणारे निवृत्तीभाऊ तिच्यासोबत पाड्यापाड्यांवर तपासणीला निघाले. सूक्ष्मदर्शक गोधडीत गुंडाळून एसटीनं जायचं, पुढं पायी. चार वर्षांत त्यांनी अकराशे चाळीस माणसं तपासली.

या पाहणीवर तिनं शोधनिबंध लिहिला. दोन वैद्यकीय मासिकांनी तो परत केला. एकानं लिहिलं होतं, खेड्यातल्या केंद्राच्या तपासणीवर विश्वास कसा ठेवावा? चंद्रभागेनं दोनशे जणांचं रक्त पुन्हा घेतलं आणि बर्फात ठेवून मुंबईच्या मोठ्या प्रयोगशाळेत नेलं. एकशे अठ्ठ्याण्णव निकाल तंतोतंत जुळले. १९७९ साली परदेशातल्या एका मासिकानं निबंध छापला. पानं चार, लेखक दोन.

"बाई, मी मॅट्रिक. माझं नाव कशाला घातलंत?" निवृत्तीभाऊ म्हणाले.

"निम्म्या काचा तुम्ही पाहिल्यात. मग नाव कुणाचं घालू?"

त्यानंतर पेठच्या पोस्टात परदेशी तिकिटांची कार्डं येऊ लागली. निबंधाची प्रत पाठवा, एवढीच मागणी असे. पोस्टमास्तर तिकिटं मागून घ्यायचे.

१९८५ साली एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात रक्तविकार विभागाच्या प्रमुखाची जागा निघाली. चंद्रभागेनं अर्ज केला. मुलाखतीला तीन जण बसले होते.

"एका उमेदवाराचे सव्वीस निबंध आहेत," अध्यक्ष म्हणाले. "अकरा वर्षांत तुमचा एकच?"

"एकच, सर." तिनं हातानं लिहिलेले कागद पुढं ठेवले. कुणी कुणाच्या निबंधाचा आधार घेतला याची नोंद असलेले जाडजूड खंड मुंबईच्या एका ग्रंथालयात होते. तिथल्या मंगलाबाईंनी ते तिला काढून दिले होते आणि तीन दिवस बसून तिनं यादी उतरवली होती. "या एका निबंधाचा आधार त्रेसष्ट निबंधांनी घेतलाय. नायजेरियातल्या एका जिल्ह्यात आमच्याच पद्धतीनं पाहणी झाली."

अध्यक्षांनी पानं उलटली. "यात तुम्हाला चूक ठरवणारे किती?"

"दोघे. एकाचा मुद्दा टिकला नाही. दुसऱ्यानं माझी टक्केवारीतली चूक दाखवली. ती खरी होती. मी त्याच मासिकात पत्र लिहून दुरुस्त केली."

"आणि त्या सव्वीस निबंधांचा आधार किती जणांनी घेतला?" बाजूच्या वयस्कर बाईंनी विचारलं.

"ते मी पाहिलं नाही. मला माझ्या कामाबद्दलच सांगायचं होतं."

"मग आम्ही पाहू," त्या म्हणाल्या.

पंधरा दिवसांनी नेमणुकीचं पत्र आलं. चंद्रभागेनं ते उभ्यानंच दोनदा वाचलं आणि मग खुर्चीवर बसून मनसोक्त हसली. रुजू होताना तिनं एकच गोष्ट मागितली: डोंगराळ तालुक्यांतल्या प्रत्येक केंद्रात ही तपासणी सुरू करायची आणि तिचं शिक्षण पेठलाच द्यायचं. मागणी मंजूर झाली.

पहिल्या वर्गाला अकरा केंद्रांचे कर्मचारी आले, दोन डॉक्टरही. फळ्यापुढं निवृत्तीभाऊ उभे होते. त्यांनी हातातली काच सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. "काच बंद करताना आत हवा राहिली, तर निकाल फसतो," ते सांगत होते, आणि दोन्ही डॉक्टर मान खाली घालून लिहून घेत होते.