माझ्यात न मावलेले अब्बा

मित्रांनो, सोलापुरात होटगी रस्त्याच्या कडेला एक उघडं मैदान आहे. तिथे जुन्या गाड्या विकायला ठेवतात. त्यातल्या कडुनिंबाखाली उभी असलेली करड्या रंगाची छोटी मोटार म्हणजे मी. माझ्या पुढच्या काचेवर किमतीचा पुठ्ठा लावला आहे आणि टपावर पक्ष्यांनी घाण केली आहे. पण मला लाज वाटते ती त्याची नाही. लाज वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. मोटारीला मान नसते, नाहीतर पुढची हकीकत मी मान खाली घालूनच सांगितली असती.

माझा जन्म दूरच्या एका मोठ्या कारखान्यात झाला. यंत्रांनी माझे पत्रे जोडले, रंगाच्या खोलीतून मला फिरवलं आणि मोठ्या ट्रकवर चढवून सोलापूरला पाठवलं. मला घ्यायला आला तो एजाज. विजापूर वेशीजवळच्या एका गल्लीत त्याचा शाळेचे गणवेश शिवण्याचा कारखाना होता. सोबत त्याची बायको माजिदा, तिच्या कडेवर लहानगी गुलनाज आणि एजाजचे वडील इलाहीबक्ष. इलाहीबक्ष उंचेपुरे गृहस्थ. त्यांनी सारा जन्म मालट्रक चालवण्यात घालवला होता. एजाजला अजून गाडी चालवता येत नव्हती; त्यानं किल्ली वडिलांपुढे धरली. तो म्हणाला, "अब्बा, पहिल्यांदा तुम्हीच चालवा."

मग अब्बांनी मला घरी आणलं. एवढ्या मोठ्या ट्रकची सवय असलेला माणूस, पण माझा गियर त्यांनी इतक्या हळुवारपणे टाकला, की मला वाटलं, आपण भाग्यवान आहोत. गल्लीतल्या बायका दारात आल्या. कुणीतरी नारळ फोडला, कुणी पेढे वाटले. त्या दिवशी मला माझ्याएवढी ऐसपैस गाडी सोलापुरात दुसरी नाही असं वाटत होतं.

दर शुक्रवारी सकाळी अब्बा मला धूत. आधी बादलीभर पाणी, मग जुन्या लुंगीचा मऊ तुकडा. आरसे तर ते स्वतःच्या चष्म्यासारखे पुसत.

एजाज गाडी चालवायला शिकला तेव्हा अब्बा त्याच्या शेजारी बसू लागले. पुढे माजिदाला दिवस गेले. तिला मागे बसून मळमळत असे. म्हणून पुढची जागा तिला दिली आणि अब्बा मागे आले. मग शाकीर आणि राहत ही जुळी जन्मली. पोरं मोठी होऊ लागली, तशी खिडक्यांसाठी मारामारी सुरू झाली. अब्बा मधोमध बसू लागले. त्यांचे लांब पाय माझ्यात धड मावत नसत. दोन्ही गुडघे वर, मांडीवर एक पोर, हातात पाण्याची बाटली. गाडी खड्ड्यात आदळली की त्यांचं डोकं टपाला लागे. ते "या अल्ला" म्हणत आणि पोरं हसत. मीही ते गमतीनंच घेत होते, मित्रांनो.

त्यानंतर गुलनाजची नानी, म्हणजे माजिदाची आई, या घरी कायमची राहायला आली. तिला एका डोळ्यानं दिसेनासं झालं होतं आणि गावी एकटं राहणं तिला जमण्यासारखं नव्हतं. पहिल्याच रविवारी सगळे बाहेर निघाले. मागे तीन मुलं आणि नानी बसली. अब्बा दाराशी उभे होते. त्यांनी आत एकदा नजर टाकली आणि म्हणाले, "तुमी जावा. माजं गुडघं दुखायलेत."

एजाज म्हणाला, "मग गोळी घ्या आणि पडून राहा."

अब्बांनी माझं दार हातानं हलकेच दाबून लावलं, कारण आत इतकी दाटी होती की ते एरवी लागत नव्हतं. मग ते बाजूला सरले आणि मी निघाले.

तेव्हापासून अब्बांचे गुडघे नेमके सगळे बाहेर निघाले की दुखत. एरवी ते पाचही वेळा मशिदीत चालत जात, कारखान्यातले कापडाचे तागे उचलत आणि शुक्रवारी माझ्या चाकांपाशी उकिडवं बसून चिखल काढत. ज्या गाडीत त्यांना जागा नव्हती, ती गाडी ते घासूनपुसून लख्ख करत. त्यांचे गुडघे कसे आहेत हे त्या घरात मला सर्वांत चांगलं ठाऊक होतं. पण मला बोलता कुठे येतं? आणि खरं सांगायचं तर बोलता आलं असतं तरी मी काय सांगणार होते? माझा पत्रा थोडाच ताणला जाणार होता!

गेल्या उन्हाळ्यात माढ्याकडच्या एका गावाहून लग्नाचं आवतण आलं. अब्बांच्या ट्रकवर त्यांचा कोंडीबा नावाचा जोडीदार होता. एक झोपला की दुसरा चालवायचा, अशी त्यांची वर्षं गेली होती. त्या कोंडीबांच्या नातवाचं, इंद्रजीतचं लग्न होतं. सगळ्यांनी नवे कपडे घातले. अब्बांनीही पांढरा सदरा इस्त्री करून ठेवला होता, मी घराच्या खिडकीतून पाहिला होता. पण निघताना सगळे आत बसले, आहेराच्या भांड्यांचं खोकं नानीच्या पायाशी ठेवलं आणि अब्बा नेहमीसारखे दाराशी आले.

"गुडघं," ते म्हणाले. पुढचं कुणी ऐकलंच नाही. सगळ्यांना ते पाठ झालं होतं.

उन्हाचा कहर होता आणि माझ्यावर भार झाला होता. मोहोळच्या अलीकडे माझ्या बॉनेटमधून वाफ निघू लागली. रस्त्याच्या कडेला मी बराच वेळ तोंड उघडून उभी राहिले. येणारेजाणारे बघत होते. इंजिन थंड झालं, पाणी भरलं, मग आम्ही पुढे निघालो. फाट्यावरून आत वळल्यावर उसाच्या शेतांमधून अरुंद रस्ता जात होता. त्या रस्त्यानं एक उंच म्हातारा हातात पिशवी घेऊन झपाझप चालला होता. अंगात पांढरा सदरा होता.

गुलनाज ओरडली, "पप्पा, दादा!" आजोबांना ती दादा म्हणे.

एजाजनं ब्रेक लावला. अब्बांनी मागे वळून पाहिलं आणि चोरी पकडली गेल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. मागाहून कळलं, आम्ही निघाल्यावर कोंडीबांचा फोन आला होता: 'तू आल्याबिगर मी अंतरपाट धरू देणार न्हाय.' तेव्हा अब्बांनी सरळ एसटी पकडली होती. फाट्यापर्यंत उभ्यानं आले होते आणि पुढं चालत निघाले होते. मी वाफ सोडत उभी होते तेव्हा त्यांची एसटी माझ्या पुढे निघून गेली असणार.

"अब्बा, तुमचे गुडघे?" एजाजनं विचारलं.

अब्बांनी पायांकडे बघितलं, मग उसाकडे बघितलं. "आज जरा बरं हायत," ते पुटपुटले.

मित्रांनो, त्यानंतरची घटका मला अजून सोसत नाही. वडील उन्हात उभे होते आणि त्यांना आत घ्यायला माझ्यात जागा नव्हती. माजिदा म्हणाली, "मी उतरते." नानी म्हणाली, "मलाच उतरवा, माझ्यामुळं झालं हे." जुळी एकमेकांना ढकलू लागली. कितीही सरकली तरी त्या उंच माणसाला पुरेल एवढी फट काही होईना. माझ्या सीटचा कापूस, माझे स्प्रिंग, सगळं मला त्या वेळी नकोसं झालं.

एजाज खाली उतरला. त्यानं अब्बांच्या हातातली पिशवी घेतली आणि किल्ली पुढे केली. "तुम्ही चालवा. मी येतो चालत."

"नक्को रे. लग्नाला आलेलं माणूस पायी कसं जाईल?"

"तुम्ही जातच होता की."

अब्बांनी किल्ली घेतली. बसले आणि मला हळू चालवत नेलं.  आरशात एजाज लहान लहान होत गेला.

मांडवापाशी कोंडीबा हातात फेटा घेऊन उभे होते. "इलाहीभाई, आलास व्हय! आन् पोरगं कुटं हाय तुजं?"

"येतंय पायी. गाडीत बसून पाय आखडलं त्याचं," अब्बा म्हणाले.

मांडव जवळच होता, त्यामुळे तेवढ्यात एजाजही धुळीनं भरलेल्या बुटांनी तिथे पोचला. त्यानं ते ऐकलं. वडिलांनी चारचौघांत त्याची अब्रू झाकली होती आणि तेही अगदी सहज. इतकी वर्षं गुडघ्यांचं निमित्त सांगून ते हेच करत आले होते. एजाज माझ्या मागे येऊन उभा राहिला आणि बराच वेळ रुमालानं तोंड पुसत राहिला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत सगळे जण या मैदानात आले. दोन खेपा करून आले, कारण एका खेपेत मावत नव्हते. हे मैदान भीमाशंकर नावाच्या माणसाचं. अक्कलकोटकडचा, बोलका, पोट सुटलेला. त्यानं माझ्याभोवती एक फेरी मारली, सीटवर हात दाबून पाहिला आणि विचारलं, "हिच्यात घरचे सगळे बसत होता काय हो?"

एजाज म्हणाला, "नाही. सगळे नाही."

भीमाशंकरनं एक काळी, उंच गाडी दाखवली. रुंद छाती, चकचकीत चाकं, टपाला उघडणारी काच. ती पाहून मलाच माझ्या पोचे आलेल्या दाराची लाज वाटली. गुलनाजला टपाची काच आवडली. एजाज स्टिअरिंगवर हात फिरवू लागला. त्याचा चेहरा मला पहिल्या दिवसाची आठवण करून देत होता.

"सात माणसं आरामात!" भीमाशंकर म्हणाला. "बसून बघा की मालक, बघायला काय लागतंय?"

सगळे बसू लागले. तेव्हा कुणी काही म्हणायच्या आत अब्बांनी मधली सीट वाकवली, कंबरेत वाकून मागे शिरले आणि अगदी शेवटच्या ओळीत जाऊन बसले. त्यांची टोपी खाली पडली. गुडघे छातीला टेकले. तिथून त्यांनी हाक मारली, "बसा तुमी. माजं झालं."

माजिदा खालीच उभी होती. ती म्हणाली, "अब्बा, तिथं बसायला तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगाया कशाला पायजे? माजी जागा हीच की."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. एजाजचा हात स्टिअरिंगवरून खाली आला. तो उतरला, अब्बांना हात धरून बाहेर काढलं आणि स्वतः त्या जागी जाऊन बसला. काही वेळ तो तिथेच बसून राहिला. बाहेर येताना त्याचा पाय अडकला, सदरा फाटला.

"ही नको," तो म्हणाला.

"मालक, तितं काय पोरंच बसतात!"

"आमच्याकडं म्हातारं माणूस बसतं," एजाज म्हणाला. हे म्हणताना तो भीमाशंकरकडे बघू शकला नाही.

शेवटी त्यांनी कोपऱ्यातली एक पांढरी, डब्यासारखी गाडी पाहिली. दार सरकतं, पायरी बुटकी, आतला तळ सपाट आणि मधल्या दोन सीटच्या मधून मागे जायला वाट. देखणी म्हणावी असं तिच्यात काहीच नव्हतं. गुलनाज आधी म्हणाली, "शाळेत सगळे भाजीची गाडी म्हणतील." मग तिनं दादांकडे पाहिलं आणि काळ्या गाडीत पडलेली टोपी आणून, झटकून त्यांच्या हातात दिली. जुळी धावत मागच्या ओळीत गेली. तिथे त्यांचे पाय लोंबकळत होते, म्हणजे जागा त्यांच्याच मापाची होती. नानीनं हाताशी आलेली मूठ धरली आणि कुणाच्या मदतीशिवाय चढली.

अब्बा बाहेर उभे होते. एजाज त्यांच्यापाशी गेला. "अब्बा, तुम्ही आधी सांगा. तुम्हाला कुठं बसायचंय?"

अब्बा गोंधळले. त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. हा प्रश्न त्यांना कुणी कधी विचारलाच नव्हता.

"मी कुटंबी बसतो."

"कुठंबी नाही. सांगा."

"पुढं बसा ना, दादा," गुलनाज म्हणाली.

"पुढं नको, बाई." अब्बा लाजत म्हणाले, "ट्रकवर जल्मभर पुढंच बघितलं. नजर बाजूला केली की अपघात. किती गावं आली अन् गेली, बाजूला काय हाय ते बघितलंच न्हाय. खिडकी मिळाली तर..."

एजाजनं सरकतं दार पूर्ण उघडलं. अब्बा मधल्या सीटवर खिडकीपाशी बसले आणि त्यांनी पाय लांब केले. पूर्ण लांब. मित्रांनो, इतक्या वर्षांत मी त्यांचे पाय लांब झालेले पाहिले नव्हते. शुक्रवारमागून शुक्रवार ज्यानं मला पुसलं, त्या माणसाला खिडकीबाहेर बघायला आवडतं, एवढंही मला ठाऊक नव्हतं.

निघताना एजाजनं माझ्या टपावर दोनदा थोपटलं. मला ते सहन झालं नाही. पांढरी गाडी मैदानातून बाहेर पडली. खिडकीत अब्बा होते. त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं नाही. ते रस्त्याकडेची रसवंती बघत होते, पुढचं गॅरेज, त्यापलीकडचा शेळ्यांचा कळप, एकेक करून. लहान मुलासारखं त्यांचं तोंड उघडं होतं.

आता मी इथे उभी आहे. लहान गाडी असणं हा काही माझा गुन्हा नाही, हे मला कळतं. तरी लाज जात नाही. मित्रांनो, तुमच्या घरी गाडी असेल, रिक्षा असेल किंवा नुसती स्कूटर असेल. कुठे जायला निघालात आणि घरातलं कुणी दाराशी उभं राहून म्हणालं, "तुम्ही जा, मी थांबतो," तर लगेच निघू नका. त्यांना दार लावायला लावू नका. खाली उतरा. त्यांना कुठं बसायचंय ते विचारा आणि ते सांगेपर्यंत थांबा.