वस्तू वर्णनाप्रमाणे नाही

“कुठला साहेब?” सावळारामने विचारलं.

“कुठलापण,” प्रणित म्हणाला. “साहेब लिवला की बास. नाव कोणी विचारीत नाय.”

शहापूरच्या पेठेत प्रणितचं मोबाइलचं दुकान होतं. तिथल्या काउंटरच्या काचेवर एक मालडबा उभा होता. वीतभर लांब, पत्र्याचा, विटकरी रंगाचा. त्याच्या अंगावर क्रमांक, वजन आणि दुरुस्तीची तारीख इतक्या बारीक अक्षरांत रंगवली होती की डोळे जवळ न्यावे लागत, आणि जवळ नेले की प्रत्येक अक्षर ताठ उभं असायचं. प्रणित लिलावाच्या साइटवर त्याची जाहिरात चढवत होता आणि चढवता चढवता मोठ्याने वाचत होता.

“‘अतिदुर्मिळ. इंग्रजी अमदानीतला, हातबनावटीचा मालडबा. सिद्धगडच्या जंगलातल्या साहेबाच्या बंगल्यातून मिळालेला. वयाच्या मानाने उत्तम स्थिती. चालतो की नाही, तपासलेलं नाही.’”

“मालडब्याला इंजिन नसतं रे. तो चालंल कसा?”

“म्हणूनच नाय तपासला, काका.”

“आन् मागच्या चैतात केलाय मी तो. तू बघितलाव ना?”

“बघितला. पण मी कुठं लिवलंय तुमी नाय केला म्हणून?”

प्रणित सावळारामच्या चुलत भावाचा मुलगा. त्याने या बाजाराचा रीतसर अभ्यास केला होता. खेळण्यातल्या रेल्वेगाड्या जमवणारी मोठी माणसं देशात हजारांनी आहेत आणि ती रोज फसायला तयार बसलेली असतात, हे त्याला दोन महिन्यांत कळलं होतं. फोटो अंधारात काढायचा, म्हणजे कालचा गंज शंभर वर्षांचा दिसतो. तीन चाकांच्या इंजिनाला ‘जवळजवळ पूर्ण’ म्हणायचं. रिकाम्या खोक्याचा फोटो टाकून शेवटच्या ओळीत, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत, ‘फक्त खोका’ असं लिहायचं. ‘आजोबांच्या पेटीत सापडलं, मला यातलं काही कळत नाही’ हे वाक्य तर दर तिसऱ्या जाहिरातीत होतं. आपल्या देशात इतके अजाण नातू आहेत, हे जनगणनेतही कधी आलं नसेल.

प्रणितच्या स्वतःच्या नावाचं खातं साइटने दोनदा बंद केलं होतं. म्हणून हे खातं सावळाराम धर्मा निचिते या नावाने उघडलं होतं. आधार कार्ड, फोटो, सही, सगळं रीतसर. त्या सगळ्या व्यवहारात तेवढीच एक गोष्ट खरी होती.

पहिली जाहिरात सावळारामने स्वतः सांगितली होती आणि प्रणितने ती हसू दाबत टाइप केली होती. ‘बंद मालडबा. गोड्या तेलाच्या डब्याच्या पत्र्याचा. मागचं डावं चाक किंचित अडतं. छताला एके ठिकाणी सांध्यावर डाख जास्त लागला आहे. करणारा, सावळाराम धर्मा निचिते, सापगाव, तालुका शहापूर.’ खाली तारीख. ती जाहिरात सात दिवस चालली. अकरा जणांनी पाहिली. बोली एकही नाही. एकाने प्रश्न विचारला होता, भंगाराच्या भावात द्याल का?

आठव्या दिवशी प्रणितने डब्याच्या तळाला सावळारामने घातलेली तारीख आणि नाव पॉलिश पेपरने घासून काढलं, डबा रात्रभर चहाच्या पाण्यात ठेवला, आणि काकासमोर साहेबाला जन्म दिला. दोन तासांत पाच बोल्या. डबा पुण्याला गेला. मागोमाग आणखी दोन गेले.

“नाव घातलं की भाव पडतो, काका,” प्रणितने तेव्हाच सांगितलं होतं. “तुमचंच नाय, कोणचंपण.”

सावळारामला भावाशी कर्तव्य नव्हतं. त्याला नाव हवं होतं.

हे जरा हास्यास्पद वाटेल, पण त्याचं कारण त्याच्या नोकरीत होतं. तेहतीस वर्षं तो एका ठेकेदाराच्या कारखान्यात रंगारी होता. तिथे रेल्वेचे खरे मालडबे दुरुस्तीला येत आणि दुरुस्त झाले की सावळाराम त्यांच्या अंगावर अक्षरं लिही. त्याची अक्षरं आसामला गेली, तुतीकोरिनला गेली. तो स्वतः नाशिकच्या पुढे गेला नाही. डब्यावर मालकाचं नाव असतं, वजन असतं, तारीख असते. लिहिणाऱ्याचं नाव नसतं. असावं असं त्यालाही कधी वाटलं नाही. ते वाटायला लागलं निवृत्तीनंतर, ओट्यावर बसून पत्रा कापताना. माणूस रिकामा बसला की असले विकार जडतात.

तारखेचा विकार मात्र जुना होता. एकदा बारा डबे सकाळी सोडायचे होते. अकरा उघडून, तेलपाणी करून तयार होते. बारावा उघडलाच नव्हता. सुपरवायझर म्हणाला, “निचिते, तारीख टाक. डबा काय वाचतोय थोडाच?” सावळारामने तारीख टाकली. पंधरा दिवसांनी त्या डब्याचा आस तापून जळाला, डबा रुळावरून उतरला आणि रेल्वेच्या एका खलाशी मजुराचा पाय गेला. चौकशी झाली. डब्यावर दुरुस्तीची तारीख स्पष्ट होती, तेव्हा दुरुस्ती झालीच असणार. सबब दोष खलाशाचा. चौकशीच्या कागदात डब्यावरचं अक्षर सुवाच्य असल्याची नोंद होती. सावळारामच्या अक्षराला नोकरीत मिळालेला तेवढाच लेखी शेरा.

खलाशाचं नाव कोंडू होतं. ते सावळारामने घरात फक्त एकदा सांगितलं होतं, बायकोला, अंबूबाईला.

डबे विकत घेणारा पुण्याचा माणूस गुरुवारी सापगावला आला. सुरेंद्र सबनीस. आपल्या बंगल्याच्या तळमजल्यावर त्याने रेल्वेच्या प्रतिकृतींचं संग्रहालय काढलं होतं. येताना त्याने तिन्ही डबे परत आणले होते, मखमल लावलेल्या पेटीत, कारण त्याला ते मूळ जागी ठेवून फोटो काढायचे होते. मूळ जागा म्हणजे साहेबाचा बंगला. प्रणित त्याला घेऊन काकाच्या ओट्यावर आला होता, कारण बंगला नव्हता.

“पडला तो,” प्रणित म्हणाला. “मागच्या पावसात. वैशाखरे गावाच्या पुढं, पार आत. रस्ता नाय. जळवा लागतात.”

“अरेरे,” सबनीस म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. मग त्याने पेटी उघडली, एक डबा बोटांच्या टोकांवर उचलला आणि सावळारामसमोर धरला. “काका, तुम्हाला कल्पना नाही तुमच्याकडे काय होतं. हे अक्षर बघा. हा सात बघा. याची मान बघा! छापलेलं नाही, हाताने काढलंय. आयुष्यभर दुसरं काही न केलेल्या माणसाचा हात आहे हा. असा हात आता हिंदुस्थानात नाही.”

सावळाराम सातकडे बघत राहिला. अंबूबाई चहा घेऊन दारात आली होती, ती तिथेच थांबली. चाळीस वर्षांत नवऱ्याच्या कानांच्या पाळ्या लाल झालेल्या तिने पाहिल्या नव्हत्या.

“बरा आलाय त्यो,” सावळाराम म्हणाला.

“बरा? पुढच्या महिन्यात प्रदर्शन आहे. काचेच्या कपाटात मधोमध हे तीन. फक्त एक कागद लागेल.” सबनीसने टाइप केलेला कागद काढला. “या वस्तू साहेबांनी माझ्या वडिलांना भेट दिल्या, असं तुमच्या नावाने. खाली सही. आणि साल तुमच्या हाताने घाला. एकोणीसशे पस्तीस घाला, म्हणजे सुरक्षित.”

प्रणितने पेन काढून दिलं. “टाका काका. कपाटात बसतील. लोकं तिकीट काढून बघतील.”

सावळारामने पेन घेतलं. कागद मांडीवर सरळ केला. कपाट त्याला दिसत होतं, मधोमध, वर दिवा. त्याने पेनाचं टोक रेघेवर टेकवलं आणि उचललं.

“ही तारीख नाय टाकता येत,” तो म्हणाला.

“का बरं?”

“मी केलेत त्ये. एक चैतात, दोन दिवाळीच्या आधी.”

“काका मस्करी करतात,” प्रणित म्हणाला.

“तू गप रे.” सावळाराम उठला, आतून खारीच्या केसांचा ब्रश आणि रंगाची वाटी घेऊन आला. त्याने तो कागद उलटा केला, मनगट मांडीला टेकवलं आणि एक सात काढला. मग आणखी एक. मग पूर्ण क्रमांक, अकरा आकडे, एकदाही न थांबता.

सबनीसने डबा कागदाशेजारी धरला. त्याने एकदा सावळारामच्या तोंडाकडे बघितलं, एकदा ओट्याच्या कोपऱ्यातल्या तेलाच्या डब्यांकडे.

“तरीच,” तो म्हणाला. “जरा जास्तच एकसारखं आहे. यांत्रिक वाटतं. आणि साताची मान… नाही, मला पहिल्यापासून शंका होती.”

“आताच तर चांगला म्हनलाव ना!” अंबूबाई दारातून म्हणाली.

“बाई, तो वेगळा होता.”

“त्योच हाये. बघा की परत.”

सबनीसने बघितलं नाही. “हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं,” तो सावळारामला म्हणाला.

“सांगितलं व्हतं. सात दिस टाकलं व्हतं, नावासकट. चाक अडतंय त्येपण लिवलं व्हतं.”

“हो, ती जाहिरात पाहिली होती मी. विचारलंही होतं काहीतरी.” तो पेटी रिकामी करू लागला. “स्थानिक हस्तकला आमच्या विषयात बसत नाही.”

तिन्ही डबे त्याने ओट्यावर ओळीने ठेवले, ठेवताना मात्र आपटले नाहीत. सवय चांगली होती. मखमलीची पेटी घेऊन तो गाडीत बसला. चहा तसाच राहिला.

“झालं समाधान?” अंबूबाई म्हणाली, पण ते प्रणितला उद्देशून होतं.

सोमवारी सावळाराम शहापूरला गेला, वीजबिल भरायला. प्रणितने त्याला दुकानात हाक मारली. तो चिडलेला नव्हता. धंदा म्हटलं की असं होतं, असं त्याचं मत होतं. त्याने नवं खातं अंबूबाईच्या नावाने उघडायचं ठरवलं होतं आणि त्यासाठी त्याला काकूचं आधार कार्ड हवं होतं.

“जुन्याला काय झालं?”

“बंद केलं साइटवाल्यांनी. त्या पुणेकराने रिव्ह्यू टाकला ना. आता जनमभर ऱ्हाणार त्यो तिथं, पुसता येत नाय. तुमी नका वाचू, काका.”

“दाव.”

प्रणितने फोन पुढे केला. पानावर वर, ठळक काळ्या अक्षरांत, एकट्या एका ओळीत लिहिलं होतं: सावळाराम धर्मा निचिते, सापगाव. खाली एक तारा, पाचपैकी. त्याखाली: ‘वस्तू वर्णनाप्रमाणे नाही. बनावट माल. या माणसापासून सावध राहा.’ आणि त्याखाली तारीख, बरोबर, गुरुवारची.

सावळारामने चष्मा कपाळावर सरकवला. फोन हातभर लांब धरला, मग जवळ आणला. नावातली अक्षरं त्याने एकेक करून तपासली, ‘धर्मा’वरच्या रफारापाशी जरा थांबला, आणि शेवटपर्यंत गेला.

“पूरं लिवलंय,” तो म्हणाला.

“हां,” प्रणित म्हणाला.

फोनच्या काचेवर सावळारामच्या अंगठ्याचा विटकरी डाग पडला होता. त्याने तो सदऱ्याच्या बाहीने पुसला, एकदा उजेडात धरून बघितला, पुन्हा पुसला, आणि फोन परत दिला.