चंपतरावांची बाटली

मी मनोहररावांचं विमान बोलतोय. खरं विमान नव्हे हो; बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाचं, हातभर पंखांचं, नाकात अक्रोडाएवढं इंजिन असलेलं. दोन तारांना बांधून मला गोल गोल उडवायचे. तरी माझा तोरा खऱ्या विमानाहून कमी नव्हता.

मनोहरराव महाल वस्तीतल्या शाळेत चित्रकलेचे मास्तर. पेन्शनीत गेल्यावर लोक देवळात जाऊन बसतात, हे सँडपेपर घेऊन बसले. त्यांचे जिवलग चंपतराव एस.टी.तले निवृत्त मेकॅनिक. त्यांनी लिलावात एक जुनी जीप घेतली होती. मनोहररावांच्या दारात ती उभी करून ते रोज उघडत आणि रोज जोडत. मनोहररावांच्या पत्नी सत्यवतीबाई दोघांनाही हसत. "एकाचं उडत नाही अन् एकाचं चालत नाही!"

पण जीप नुसती हौस नव्हती. बाईंना दमा होता. हिवाळ्यात तो उसळायचा आणि दवाखाना लांब. "वैनीसाठी गाडी तयार पाहिजे," असं चंपतरावांनी आपणहून ठरवून टाकलं होतं. थंडीत ती गाडी हलायला तयार नसे. मग ते ईथरमध्ये, म्हणजे चटकन पेटणाऱ्या आणि उघडं राहिलं की उडून जाणाऱ्या औषधात, भिजवलेला बोळा इंजिनाच्या तोंडाशी धरत, की स्वारी सुरू. माझ्या इंधनातही तेच ईथर, रॉकेल आणि एरंडेलात मिसळलेलं. म्हणून त्यांची सक्त ताकीद होती, "मनोहर, सीटखालची बाटली माह्या वैनीची आहे. तुह्या पाखरासाठी तिले हात लावजो नको."

१९७४ च्या डिसेंबरातला तो रविवार. चंपतराव साखरपुड्याला सावनेरला गेले होते. ऊन बरं पडलं म्हणून सत्यवतीबाई शाल गुंडाळून चिटणीस पार्कात आल्या. मला उडताना त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. मनोहररावांनी माझा पंखा फिरवून फिरवून बोट सोलून घेतलं. मी फुरफुरायचो आणि विझायचो. डब्यातल्या इंधनातलं ईथर कधीच उडून गेलं होतं.

"राहू द्या जी," बाई म्हणाल्या. "मी पायलं असं समजा."

ते मनोहररावांना लागलं. तडक घरी जाऊन ते जीपमधली बाटली घेऊन आले. तळाला दोन बोटं उरलं होतं. "उद्या नवी आणतो," असं पुटपुटत सगळं ओतलं. खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला. असा मी कधी उडालो नव्हतो. बाई खोकत खोकत टाळ्या पिटत होत्या.

रिकामी बाटली बूच लावून सीटखाली गेली. रविवारी दुकान बंद. संध्याकाळी चंपतराव परतले, तेव्हाही मनोहरराव गप्पच राहिले. सकाळी गुपचूप नवी ठेवू, असा त्यांचा बेत होता.

पहाटे धुकं दाटलं आणि बाईंचा श्वास अडकला. चंपतराव धावत आले. मी खिडकीजवळच्या खुंटीवरून पाहत होतो. त्यांनी सीट उचलली, बाटली हलवली, उलटी धरली. जीप गुरगुरली आणि थकली. शेजाऱ्यांनी ढकलली, तरी नाही. शेवटी सायकलरिक्षा आणली. बाई दवाखान्यापर्यंत पोचल्याच नाहीत.

"बूच मीच ढिलं लावलं असन गा," चंपतराव ओट्यावर बसून रडत होते. "उडून गेलं सारं. माह्या हातानं गेली वैनी."

मनोहररावांनी त्यांना पाण्याचा तांब्या आणून दिला.

त्याला नऊ वर्षं झाली. चंपतरावांनी जीप भंगारात दिली, पुन्हा पान्याला हात लावला नाही. दरवर्षी बाईंच्या श्राद्धाला ते येत आणि फोटोपुढे हात जोडून माफी मागत. मनोहरराव त्यांना आग्रहानं वाढत. मला त्या दोघांचीही चीड येई, आणि माझी स्वतःची सर्वांत जास्त.

या हिवाळ्यात चंपतरावांनी अंथरूण धरलं. मनोहरराव रोज भेटायला जात. कोट चढवताना म्हणत, "आज सांगतो." परतले की माझ्याकडे बघतसुद्धा नसत. एक दिवस जाण्याचं कारणच उरलं नाही.

आज चंपतरावांचं तेरावं झालं. मनोहररावांनी घरी येऊन मला खुंटीवरून काढलं, धूळ पुसली, मांडीवर घेतलं.

"चंपत," ते मला म्हणाले, "बाटली म्याच रिकामी केली गा. तुहं बूच घट्ट होतं."

अहो मनोहरराव, मी लाकूड आहे. आणि मला तर हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.