ग्रे हार्बरचे पाच अल्बम

रविवारी दुपारी लोकेश मेश्राम दुकानाचं शटर अर्धं खाली ओढायचा, तेव्हा काली पुतली चौकामागच्या त्या गल्लीत सगळ्यांना कळायचं, की आता कचेरीतले स्टेनोबाबू येणार आणि दोघं मिळून ती इंग्रजी धडधड लावणार. लोकेशचं दुकान रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं. स्टेनोबाबू म्हणजे त्याचा शाळेपासूनचा दोस्त, अनुराग देवपुजारी. अठ्ठ्याऐंशी सालापासून हा नेम चालला होता आणि दोन हजार एक उजाडलं तरी मोडला नव्हता.

सुरुवात झाली ती मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीतल्या एका इंजिनिअरमुळे. त्याची बदली झाली होती. त्याचा बंद पडलेला कॅसेट डेक लोकेशनं सुरू करून दिला, तेव्हा त्यानं खूश होऊन कॅसेटींचं एक खोकंच लोकेशच्या हाती ठेवलं. सगळी रॉक बँडची गाणी. लोकेशला त्यातलं अक्षरही कळेना. वडील पुनाराम लांजीकडच्या खेड्यातून आलेले, घरात वऱ्हाडी, शाळेत हिंदी. इंग्रजीशी संबंध आला तो आयटीआयच्या सर्किटांपुरता. म्हणून खोकं सायकलला बांधून तो अनुरागकडे गेला. अनुरागच्या घरात तीन पिढ्यांची सरकारी नोकरी, दारात रोज इंग्रजी पेपर. तेव्हापासून वाटणी ठरून गेली. गाण्यात काय म्हटलंय ते अनुराग सांगायचा, आणि तो आवाज कशातून आणि कसा निघतोय ते लोकेश सांगायचा.

खोक्यात दोन बँड पुरेपूर होते. एक 'नाइन्थ चिमनी' नावाचा अमेरिकन बँड. त्याचे चारही अल्बम एकसारखे. कुठलंही गाणं उचलून कुठल्याही अल्बममध्ये ठेवलं तरी पत्ता लागू नये. दुसरा इंग्लंडचा 'ग्रे हार्बर'. त्याच्या अल्बमांना हे दोघं सालावरूनच ओळखायचे. एक्क्याऐंशीचा गॅरेजमध्ये रेकॉर्ड केल्यासारखा खरखरीत, त्र्याऐंशीचा जरा सफाईदार. पंच्याऐंशीत त्यांनी कीबोर्ड आणला, ड्रमच्या जागी मशीन बसवलं आणि गिटार मागं ढकललं. सत्त्याऐंशीच्या अल्बमात आवाज मोठ्या रिकाम्या हॉलमध्ये घुमल्यासारखा येई. एकोणनव्वदचा, मागाहून मिळवलेला, तर अगदीच हळू, साध्या लाकडी गिटारवरचा.

भांडण यावरूनच. अनुरागचा जीव एक्क्याऐंशीवर. त्यातल्या तिसऱ्या गाण्यात, सगळा गोंगाट थांबतो त्या क्षणी, कुणीतरी त्रिकोणी सळईवर टिंग असा एकच ठोका मारतं. तो यायच्या आधीच अनुराग बोट वर करायचा आणि ठोका पडला की डोळे मिटून हसायचा.

"बँड असावा तं नाइन्थ चिमनीवानी. एकदा आपला आवाज सापडला, मंग कायले बदलायचा?"

"म्हणजे जल्मभर एकच शर्ट घालायचा काय?" लोकेश म्हणायचा. "ग्रे हार्बरवाले दर टायमाले काहीतरी नवीन करून पाहतात. कधी जमते, कधी नाही जमत."

"जमतच नाही. पंच्याऐंशीपासून गेलेच ते."

यात वावगं काहीच नव्हतं. दोघांनी भांडावं, चहा मागवावा, कॅसेट उलटी करावी. पण गेल्या पाच-सहा वर्षांत अनुरागची तक्रार बदलत गेली होती. आधी तो म्हणायचा, नंतरचे अल्बम वाईट. मग म्हणायला लागला, नंतरचे अल्बम बसके. "रजई पांघरून वाजवून राह्यले साले." पुढं जुन्या कॅसेटीही त्याला बसक्या वाटायला लागल्या.

"तुझा डेक खराब झाला बे. हेड पूस."

फीत ज्यावर घासून जाते ते हेड लोकेश स्पिरिटनं पुसायचा. हेडचा बारीक स्क्रू कणाकणानं फिरवून बघायचा. एकदा त्यानं हेडच बदललं, एकदा बारीक, टिपेच्या आवाजाचा छोटा स्पीकर नवा बसवला. दर वेळी त्याच्या कानाला फरक पडायचा आणि अनुरागच्या पडायचा नाही. शेवटी दोघांनी ठरवलं, की कॅसेटीच झिजल्या. ते खरंही असतं; वाजवून वाजवून फीत झिजते आणि आधी जातो तो बारीक आवाजच. लोकेशला स्वतःला एवढा फरक ऐकू येत नव्हता, पण ज्या माणसानं आपल्याला हे गाणं समजावून दिलं त्याचा कान आपल्याहून तयार असणार, असं तो धरून चालायचा.

त्या वर्षीच्या फेब्रुवारीत अनुरागच्या मेव्हण्यानं पुण्याहून एक्क्याऐंशीच्या अल्बमची सीडी पाठवली. लोकेशकडे दुरुस्त करून स्वतःसाठी ठेवलेला एक सीडी प्लेअर होता. त्या रविवारी दोघं पूजेला बसल्यासारखे नीट बसले.

सीडी सुरू झाली आणि लोकेश चाटच पडला. तेरा वर्षं ऐकलेलं गाणं, पण कुणीतरी काच पुसल्यासारखं. तिसरं गाणं आलं. गोंगाट थांबला. अनुरागनं बोट वर केलं. ठोका पडला, इतका लख्ख की लोकेशच्या अंगावर काटा आला.

अनुरागचं बोट वरच राहिलं. मग त्यानं ते हळूच खाली घेतलं.

"काढून टाकला," तो म्हणाला. "पाह्य, यायनं तो ठोकाच काढून टाकला. सीडीच्या नादात सारं गुळगुळीत करून ठेवलं."

लोकेशला आधी वाटलं, हा गंमत करतोय. त्यानं अनुरागच्या तोंडाकडे पाहिलं. तिथं गंमत नव्हती, चिडलेला माणूस होता.

लोकेश डेककडे वळला. त्यानं ड्रॉवर उघडला. आयटीआयच्या मास्तरांनी दिलेली एक टेस्ट कॅसेट त्यात होती. हेड जुळवायला तिच्यावर नुसती एक बारीक, सुईसारखी शिटी भरलेली असते. ती त्यानं डेकमध्ये घातली. "थांब, डेक अन् सीडी ताडून पाहू," म्हणाला आणि बटण दाबलं. शिटी दुकानभर पसरली. बाहेर पायरीवर झोपलेलं कुत्रं कान टवकारून उठलं.

अनुराग वाट पाहत बसला होता. थोड्या वेळानं म्हणाला, "लाव ना मंग. काहून थांबला?"

लोकेशनं कॅसेट बंद केली. "फीत गुंतली," तो म्हणाला.

तो आठवडा त्याचा वाईट गेला. हातातली सोल्डरिंगची तापलेली कांडी कुठंही टेकायला लागली. सहा वर्षं आपण यंत्र दुरुस्त करत बसलो, आणि माणसाकडे पाहिलंच नाही, हे त्याला टोचत होतं. गुरुवारी अनुराग कचेरीत असताना तो त्याच्या घरी गेला. मधुवंतीचा, अनुरागच्या बायकोचा, मिक्सर दुरुस्तीला आला होता, तो पोचवायचं निमित्त होतं.

"वहिनी, अनुरागले अलीकडं कमी ऐकू येते काय?"

मधुवंती पदराला हात पुसत उभी राहिली.

"मले वाटे, माझंच बोलणं नको झालं त्यायले," ती म्हणाली. "स्वयंपाकघरातून आवाज दिला तं ओ देत नाहीत. समोर उभी राह्यली तं नीट बोलतात. मी तं दोन-तीन वर्षं रुसूनच काढली, लोकेशभाऊ." मग आवाज खाली आणून तिनं सांगितलं, "कचेरीतबी भानगड झाली. साहेबानं डिक्टेशनमंधी साठ म्हटलं, यायनं आठ टाइप केलं. कागद वरपर्यंत गेला. हे म्हणतात, साहेब पान खाऊन बोलते."

साठमधला 'स'च गेला होता. लोकेशला ते ऐकताक्षणी समजलं. 'स' म्हणजे बारीक आवाज; फितीवरूनही आधी तोच जातो.

त्यानं रविवारी सांगून टाकलं. कसं सांगावं याची तीन-चार वाक्यं त्यानं मनात जुळवली होती, पण वेळेवर निघालं ते सरळच. "अनुराग, सीडीत ठोका आहे. मले आला. तुले नाही आला. तुझ्या कानाले दाखव एकदा."

अनुराग हसला. मग हसायचं थांबला.

"तुले ते कीबोर्डवालं भंगार आवडते, म्हणून आता माझे कान खराब?"

"कीबोर्डचा काय संबंध? मी त्या दिवशी शिटी लावलती. कुत्रं उठलं बाहेरचं. तू म्हणाला, लाव."

"म्हणजे परीक्षा घेतली माझी?" अनुराग उभा राहिला. कान तांबडे झाले होते. "लोकेश, तुले या गाण्यातला एक शब्द कळत नोहता. मी सांगत गेलतो तवा समजलं. अन् आता तू मले ऐकायले शिकवून राह्यला?"

असं तो याआधी कधी बोलला नव्हता. लोकेशला वाटलं, तेरा वर्षांत मनात आलं मात्र असेल. त्यानं सीडी डबीत घालून अनुरागच्या हातात दिली. "हौ," एवढंच म्हणाला. अनुराग वाकून शटरखालून निघून गेला.

मार्च गेला, एप्रिल गेला. रविवारी शटर पूर्ण वर राहायला लागलं आणि गिऱ्हाइकं यायला लागली. संध्या, लोकेशची बायको, एकदा म्हणाली, "तुम्हीच जाऊन या ना. मोठेपणा कायले पाहता?" लोकेशला मोठेपणा नव्हता. त्याला भीती वाटत होती. आपण गेलो आणि तो पुन्हा तसंच काही बोलला, तर मागची सगळी वर्षंही नासून जातील असं वाटत होतं. एकट्यानं त्यानं एकोणनव्वदचा अल्बम दोनदा लावला. सांगायला कुणी नसलं की गाणं लवकर संपतं.

मेच्या शेवटी, ऊन मी म्हणत असताना, अनुराग आला. हातात एक मोठं पाकीट होतं. बसायच्या आधीच त्यानं ते काउंटरवर ठेवलं.

"नागपूरले गेलतो. उघड."

आत कानाच्या तपासणीचा एक आलेख होता. डावीकडे रेघ वर सरळ चाललेली आणि उजवीकडे, बारीक आवाजांच्या बाजूला, जाता जाता वैनगंगेच्या काठावरून पाय घसरावा तशी खाली आलेली. लोकेशनं अशा रेघा स्पीकरच्या कागदांवर पाहिल्या होत्या. त्याला समजावून सांगायची गरज नव्हती.

"डॉक्टर म्हणे, लहानपणी काही मोठं दुखणं झालं होतं काय, इंजेक्शनं दिली होती काय. झालं होतं. त्यानंबी होते म्हणे, नाही तं घराण्यातबी असते. नक्की नाही सांगता येत. गेलेलं वापस येत नाही, एवढं नक्की."

"कोणाच्या म्हणण्यानं गेला? वहिनीच्या?"

"नाही." अनुराग खाली बसला. "शेजाऱ्याचा सीडी प्लेअर आणला अन् ऋताले घेऊन बसलो. तिले सांगितलं, बेटा, हे गाणं ऐक, अन् टिंग झालं का बोट वर कर." ऋता त्याची आठ वर्षांची मुलगी. "जागा तं मले पाठ आहे ना गड्या. बरोबर त्याच जागेवर पोरीनं बोट वर केलं. तीनदा लावलं. तिन्ही वेळा." त्यानं बोट वर करून दाखवलं. "तिले वाटलं, खेळ आहे. म्हणे, बाबा, आता तुम्ही करा."

लोकेशनं आलेखाची घडी घातली. नंतर नको होती तरी आणखी एक घडी घातली.

"मी त्या दिवशी जे बोललो…" अनुराग म्हणाला.

"बोलला तं बोलला."

"नाही, ऐक. शब्द म्या सांगितले असतील. पण आवाज काय असते ते मले तुयाकडूनच समजलं. हे मी आधी कधी म्हटलं नाही."

लोकेशनं उठून शटर अर्धं खाली ओढलं.

पुढं सगळं एकदम नीट झालं असं नाही. अनुरागनं साहेबांना जाऊन खरं काय ते सांगितलं. साहेब चांगला निघाला. महिन्याभरात अनुरागला डिक्टेशनवरून काढून रेकॉर्ड शाखेत बसवलं. तिथं ऐकायचं कमी आणि वाचायचं जास्त. पण स्टेनो म्हणून मिरवलेली पंधरा वर्षं गेली, ते त्याला लागलं. कानामागं यंत्र आलं. त्यानं मधुवंतीचं बोलणं ऐकू यायला लागलं, 'स' परत आला. गाण्याच्या मात्र कामाचं ते निघालं नाही. पहिल्याच रविवारी त्यानं यंत्र लावून एक्क्याऐंशीचा अल्बम ऐकला आणि तोंड वाकडं केलं. ठोका आला, पण पत्र्याच्या डब्यावर खडा पडावा तसा. त्यानं यंत्र काढून खिशात टाकलं.

"राहू दे," तो म्हणाला. "जे आहे त्याच्यावर ऐकू."

मग ते पाचही अल्बम पहिल्यापासून पुन्हा ऐकायला बसले, दर रविवारी एक. अनुराग स्पीकरच्या खोक्याला हात लावून बसायचा. लोकेशला आधी वाटायचं, हा उगाच मन रमवतोय. पंच्याऐंशीची पाळी आली तेव्हा लोकेशनं मुद्दाम काही म्हटलं नाही. या अल्बमवर शिव्या ऐकायची त्याची तयारी होती.

अर्धी बाजू झाल्यावर अनुरागनं हात वर केला. "मागं घे."

लोकेशनं फीत मागं घेतली.

"ह्या बेसवाल्याले ऐक. जाडी तार. एक्क्याऐंशीत तो नुसता ड्रमच्या मागं मागं चालते. इथं कीबोर्डनं सारी वरची जागा खाल्ली ना, तं हा खाली वेगळंच गाणं म्हणून राह्यला. चाल खरी तोच धरून आहे." त्याचा चेहरा जुन्या रविवारांसारखा झाला होता. "मी वरचंच ऐकत बसलो, म्हणून मले भंगार वाटलं. ह्या अल्बमात काम केलंय त्यायनं. कबूल."

"एकोणनव्वदचाबी?"

"तो नाही. तो मले आताबी नाही आवडत. अन् कानाचं कारण सांगू नको."

लोकेश हसला. पण बेस त्याला ऐकू आला नव्हता. तेरा वर्षं त्यानं याच अल्बमची बाजू घेतली होती, कीबोर्डमध्ये, मशीनच्या ठोक्यांमध्ये काय काय आहे ते तावातावानं सांगितलं होतं, आणि खाली कुणी वेगळं काही वाजवतंय हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यानं पुन्हा लावलं. वरचे चकचकीत आवाज आडवे येत होते.

"नाही सापडून राह्यला," तो म्हणाला.

"हात ठेव इथं."

लोकेशनं खोक्यावर हात ठेवला. अनुराग बोटानं टेबलावर चाल दाखवत राहिला, बरोबर त्या तारेच्या मागोमाग. तिसऱ्या खेपेला ती लोकेशला सापडली.