खारूच्या रेषा

खारूताईचं खरं नाव फक्त हजेरीपटावर होतं. पेन्सिलीचं टोक सतत कुरतडायची म्हणून दुसरीत कुणीतरी तिला हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. तिची आईसुद्धा तिला खारू म्हणायची.

त्या वर्षी चित्रकलेच्या वर्गात कॉम्प्युटर आले. सरांनी समजावलं की, आता चित्र लेयर लावून काढायचं. एकावर रेषा, दुसऱ्यावर रंग, तिसऱ्यावर सावल्या. एकाला हात लावला तरी दुसऱ्याला धक्का लागत नाही, नको तो बंदही करता येतो. दोघींत मिळून एक कॉम्प्युटर आणि त्यावर चित्र काढायचं एक पेन; माझी जोडी खारूशी. खारूचा हात रेषेत चांगला, माझा रंगात, त्यामुळे भांडण झालं नाही.

विषय तिनेच ठरवला: तिच्या आईची शिवणाची खोली. काकू घरीच कपडे शिवायच्या. खारूने मशीन काढलं, टाचण्यांची उशी काढली, खिडकीच्या गजाला लटकवलेली टेप काढली आणि मशीनवर वाकलेली आई काढली. पेन इतकं दाबायची की सर म्हणायचे, अगं, विहीर खणतेस का? स्वतःच्या लेयरला तिने ‘खारू’ नाव दिलं आणि माझ्या रंगांच्या लेयरला ‘चिखल’.

रेषा पूर्ण झाल्या आणि तिच्या अंगावर उगीचच निळे डाग उमटायला लागले. जिना चढताना ती दोनदा बसायची. रक्ताचा आजार निघाला. ती दवाखान्यात गेली आणि मी दोन महिने एकटीच रंग भरत राहिले.

चित्र देण्याच्या दिवशी सरांनी बजावलं होतं की, सगळे लेयर एकत्र करून द्या, पण मूळ फाइल वेगळी ठेवा. माझं लक्ष घड्याळाकडे. दवाखान्यात भेटायची वेळ चार ते पाच. मी लेयर एकत्र केले, सेव्ह केलं, चित्र फोनमध्ये घेतलं आणि धावत सुटले.

खारू उशीएवढीच पांढरी झाली होती. तिने फोन हातात धरून कितीतरी वेळ बघितलं.

“काय गं, मला पार बुडवलंस की चिखलात.”

“खाली आहेत सगळ्या रेषा,” मी म्हटलं. “उद्या चिखल बंद करून दाखवते.”

“नक्की?”

“नक्की.”

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या आतच ती गेली.

महिनाभराने काकू आमच्या घरी आल्या. दारातच उभ्या राहिल्या. सरांकडून त्यांना कळलं होतं की, रेषा तेवढ्या वेगळ्या काढता येतात. त्या कापडावर उतरवून दोऱ्याने भरायच्या असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. मी म्हटलं, देते काकू, उद्याच देते.

शाळेत फाइल उघडली. लेयर एकच. मी मूळ फाइलवरच सेव्ह केलं होतं. सरांनी जंग जंग पछाडलं, सगळे कॉम्प्युटर पालथे घातले. कुठेच काही नव्हतं. जाड रंगाखाली बऱ्याच रेषा गडप झाल्या होत्या, त्या गेल्याच.

काकूंना हे सांगायचं माझ्या जिवावर आलं. मग मी नवा लेयर घेतला आणि दिसतील तिथे गिरवून, दिसत नव्हत्या तिथे अंदाजाने, सगळ्या रेषा पुन्हा काढल्या. त्याला ‘खारू’ नाव दिलं. छापून घेतलं आणि काकूंना नेऊन दिलं.

त्यांनी कागद कापड बेतायच्या टेबलावर पसरला. मशीनच्या चाकावरून बोट फिरवलं, मग टेपवरून.

“ही खारूची नाही,” त्या म्हणाल्या. “तिची रेघ सुरुवातीला दांडगी असते, मग दमते. ही सगळीकडे सारखीच आहे.”

मी रडत रडत सगळं सांगितलं. वाटलं, जवळ घेतील. त्यांनी कागदाची नीट घडी केली आणि माझ्या हातात दिली.

“चुकून पुसलं म्हणाली असतीस तर मी काय केलं असतं? रडले असते. पण तू तिच्या नावाखाली मला दुसरंच काहीतरी दिलंस, पोरी. जा आता घरी.”

त्यानंतर मी त्यांच्या गल्लीतून जायचं सोडलं. शाळेत पुढचं चित्र सुरू झालं. सरांनी मला नवी जोडीदारीण दिली; तिच्याशी मी कामापुरतं बोलायचे.

शेवटी एका रविवारी मी ते रंगीत चित्र मोठं छापून घेतलं आणि काकूंकडे गेले. त्यांनी दार उघडलं, चित्र टेबलावर पसरलं आणि चष्मा लावला. आम्ही टेबलावर वाकून रंगाखालच्या रेषा शोधायला लागलो. मशीनचं चाक अर्धं सापडलं. खिडकीचे गज जवळजवळ सगळे. सापडेल तिथे काकू टाचणी लावायच्या. त्यांच्या चेहऱ्याशी मात्र मी तपकिरी सावली दिली होती, तिथे काहीच दिसेना.

“इथे तिने मला हसताना काढलं होतं, की नुसतंच?”

हसताना, असं तोंडावर आलं होतं.

“आठवत नाही, काकू.”

“बरं,” त्या म्हणाल्या आणि पुढची टाचणी उचलली.

टाचण्या लागल्या तेवढ्याच रेषा त्यांनी कापडावर उतरवून काळ्या दोऱ्याने भरल्या. ते कापड आता मशीनच्या वर भिंतीवर आहे. मी कधीमधी जाते, बटणं लावून देते. गिऱ्हाइकं विचारतात, ताई, चेहरा का कोरा ठेवलात? काकू मान वर न करता सांगतात, “तेवढं राहिलंय.”