चौकाचा तांदूळ

मित्रांनो, कुडाच्या भिंतीला टेकून दाराआड उभे असलेले एखादे जुने मुसळ तुम्ही पाहिले असेल. त्याच्यावर धूळ असते, कोळ्याचे जाळे असते, आणि येता-जाता कुणाचा पाय अडखळला तर त्यालाच शिवी बसते. तेच मी. बोलायची मला सवय नाही. माझा जन्म ठोके देण्यात गेला. पण जिच्या हातात मी साठ वर्षे होतो ती काळीआजी आता नाही. तिचे जे मला ठाऊक आहे ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

तलासरीच्या डोंगराकडच्या एका पाड्यात, एका खैराच्या बुंध्यातून हाल्याने मला तासले. त्याची बायको काळी नुकतीच लग्न होऊन घरात आली होती, चौदा-पंधरा वर्षांची. खालच्या टोकाला लोखंडी कडे बसवून त्याने मला तिच्या हातात दिले.

"एवढं जड? माझ्यासाठी केलंस की रेड्यासाठी?" काळी म्हणाली.

"तुझ्या तोंडापेक्षा हलकंच आहे," हाल्या म्हणाला.

सासू हसली, शेजारणी हसल्या. काळीने पदर खोचला, मला उचलले आणि उखळात असा ठोका दिला की कोंबड्या अंगणाबाहेर पळाल्या.

तेव्हापासून आम्ही दोघे रोज उजाडताच कामाला लागत असू. भात सडायचे, नाचणी कांडायची, मिरची कुटायची. काळीला सात मुले झाली, त्यातली पाच जगली. जी दोन गेली, ती गेल्याच्या दुसऱ्या दिवशीही घरात भुकेली तोंडे होतीच, म्हणून तिने मला उचलले. त्या दिवशी माझ्या अंगावरून जे ओघळले तो सगळाच घाम नव्हता, एवढेच सांगतो. चिकूच्या दिवसांत ती घोलवडच्या वाड्यांवर मजुरीला जाई आणि परतल्यावर पुन्हा माझ्यापाशी येई. शेजारच्या घरी बाळंतीण असली तर आधी तिच्या वाट्याचे भात सडून होई, मग आपले. कुणी थोरवी सांगू लागले की म्हणे, "गप रे, हात रिकामा होता म्हणून केलं."

पण काळीची खरी ओळख वेगळीच होती. ती धवलेरी होती. आमच्याकडे लग्न लावते ती धवलेरी. ती गाणे गाते आणि गाण्यातून देवांना एकेक करून मांडवात बोलावते. भिंतीवर तांदळाच्या पिठाने पांढरा चौक लिहितात, त्यात लग्नाची देवी पालघट येऊन बसते. धान्याची आई कणसरी येते. धवलेरीने बोलावले नाही तर कोण येणार आणि लग्नाला साक्ष कोण राहणार? आसपासच्या पाड्यांत काळीने न लावलेली लग्ने मोजायला एक हात पुरेल.

हे गाणे ती शिकली कुठे? माझ्याचपाशी. लग्नघरी चौकाचा तांदूळ कांडायचा असे, तेव्हा ती आणि तिची सासू एकाच उखळात दोन मुसळे घालत. एक वर गेले की दुसरे खाली येई. एक ओळ सासू टाकी, दुसऱ्या ठोक्याला तीच ओळ काळी उचली. असे करता करता अख्खे गाणे तिच्या अंगात उतरले.

एकदा लेकीने तिला सरावलीला हरिनाम सप्ताहात कीर्तन ऐकायला नेले. काळी पुढच्या रांगेत बसली, डोळे मिटून डोलली, बुवांच्या पाया पडली. परतल्यावर सुनेला म्हणाली, "बुवा लय गोड गातो गो. डोळ्यांतून पाणी काढलं माझ्या. त्याच्या मागं टाळकरी आहेत, म्हणून त्याचं पाऊल चुकत नाही. माझ्या मागं माझं मुसळ."

मित्रांनो, माझी एवढी स्तुती आधी कुणी केली नव्हती आणि नंतरही नाही.

पुढे पाड्याजवळ गिरणी आली. भात पोत्यातून जायचे आणि तांदूळ होऊन यायचे. मी दाराआड गेलो. त्याचे मला वाईट वाटले नाही असे म्हणणार नाही. पण काळीचे खांदे दुखत होते, ते मलाच जास्त ठाऊक होते. लग्नाच्या चौकाचा तांदूळ मात्र ती माझ्याखालीच कांडी, आणि कांडता कांडता अख्खे गाणे एकदा म्हणून घेई.

काळीची नात दक्षा घोलवडला चिकू पेट्यांत भरायच्या कामाला जात होती. तिचे लग्न वाणगावकडच्या रूपेशशी ठरले. एके दिवशी ती मोबाईल घेऊन आजीसमोर बसली.

"आजी, गाणं म्हण. मी यात भरून घेते. तुझ्यानंतर कुणाला येणार?"

"मला आजच पोचवतेस काय गो?"

"तसं नाही. मला शिकायचंय."

काळीने मान हलवली. "मांडव नाही, नवरी नाही, चौक नाही. देवांना हाक मारू आणि ते आले तर बसवू कुठं? तुझ्या खोक्यात? तुझ्या चौकाचा तांदूळ आपण दोघी कांडू. तेव्हा घे. सासूनं मला तसंच दिलं."

दक्षाने हे मनात धरले. थंडीभर, कामावरून आली की ती मला उचलून पाही. दोन-चार ठोके देई आणि हाश्हुश करी. काळी बाजेवरून टोमणा मारी, "चिकू वेचून वेचून हात मऊ झाले. उद्या सासू म्हणेल, आजीनं पोर दिली की लोण्याचा गोळा?"

त्याच होळीला काळी अंगणात घसरून पडली. हाड मोडले नाही, पण हात थरथरू लागले. चमचाभर पाणीही सांडे. दक्षाची आई निर्मला सासूला जिवापाड जपणारी. तिने मनाशी ठरवले की आता या हातांना त्रास द्यायचा नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी दक्षा घरी आली तर चुलीजवळ पिठाची पिशवी.

"बाजारातून तयार पीठच आणलं," निर्मला म्हणाली. "पांढरं शुभ्र आहे, चाळायलाही नको. आये, तुम्ही नुसत्या बसून राहा."

काळीने चिमूटभर पीठ बोटांत चोळून पाहिले. मग म्हणाली, "बरं केलंस, बाय."

दक्षाने आईकडे पाहिले, आजीकडे पाहिले. पाहुणे येत होते, हळद भिजत होती. आईने मायेने केलेल्या गोष्टीला चारचौघांत नाही कसे म्हणायचे? ती हळदीकडे वळली. काळी दाराआड आली, माझ्यावर हात ठेवला, आणि काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी चौकासमोर काळी गायला बसली. आवाज चांगला लागला. पण कणसरीला बोलवायच्या जागी ती थांबली. मागे गेली, पुन्हा आली, पुन्हा तिथेच थांबली. तिच्या दोन्ही मुठी मांडीवर वर-खाली होत होत्या, काहीतरी धरायला शोधत होत्या. ते मी दाराआडून पाहत होतो आणि मला पाय नव्हते. शेवटी शेजारच्या पाड्यातली एक धवलेरी पुढे सरकली आणि तिने आपल्या गाण्याने लग्न पार पाडले.

"डोकरीचं वय झालं," काळीचा मुलगा काकड्या पाहुण्यांना म्हणाला. वाईट मनाने नव्हे, सावरून घ्यायला. काळीने ते ऐकले.

आखाडात दक्षा माहेरी आली ती थेट माझ्यापाशी. मला उखळात उभे केले आणि आजीचे पाय धरले. "आजी, मी बोलायला हवं होतं. चुकले. चल, आता कांडू."

"कोणाचं लग्न आहे?"

"कोणाचं नाही. तुझ्या पाया पडते, म्हण ना."

"मग देवांना काय सांगू, उगाच बोलावलं? ते काय माझे नोकर आहेत?" काळी हसली. नातीच्या केसांवरून तिने हात फिरवला. "शेजारच्या तुक्याच्या पोरीचं लग्न माघात आहे. तेव्हा शिकवते."

भाताच्या लोंब्या भरत होत्या, तेव्हा काळी गेली. माघ यायला चार महिने होते.

माघात तुक्याच्या घरी मांडव पडला. सासरहून दक्षा आली, मला खांद्यावर घेतले आणि तिकडे नेले. दुकानातले पीठ तिने परत पाठवायला लावले. उखळाभोवती बायका बसल्या. दक्षाने ठोका दिला आणि गाऊ लागली. लहानपणी आजीच्या पाठीला चिकटून झोपेत-जागेत ऐकलेले तेवढे तिच्याजवळ होते. ओळींमागून ओळी निघत गेल्या, बायका मागून म्हणू लागल्या, आणि अकराव्या ओळीला दक्षा थांबली.

"पुढं?" तुक्याच्या पोरीने विचारले.

"पुढं मला येत नाही."

पुढचे सगळे मला येते, मित्रांनो. एकूण एक ओळ. पण मुसळाला गळा नसतो.

म्हणून हात जोडता आले असते तर जोडून सांगितले असते: घरातल्या म्हाताऱ्या माणसाचे हात कापू लागले तर त्यांच्या हातातले काम काढून घेऊ नका. शेजारी बसा, अर्धा भार आपण घ्या, ठोका त्यांना देऊ द्या. आणि भल्या माणसाने मायेने चूक केली तरी तिला वेळेवर "नको" म्हणा. तेही प्रेमच असते.

दक्षाने डोळे पुसले नाहीत, कारण हात रिकामे नव्हते. तांदूळ अजून जाड होता. ती न गाता कांडत राहिली, आणि बायका कांडलेले चाळत राहिल्या, पीठ बारीक होईपर्यंत.